बॉर्डर कोलीचे पेपर: कामाचे वेगळे, शोचे वेगळे

गोव्यात डिचोली-सत्तरीत कुळागर (सुपारी-नारळाची बाग) राखायला कुत्रा घेणारे हल्ली बॉर्डर कोली ह्या मेंढ्या हाकणाऱ्या विलायती कुत्र्याची चौकशी करतात आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘पेपरवाला आहे, कामाला एक नंबर.’ ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. हे आता ठणकावून सांगायलाच हवं.

पेपर म्हणजे वंशाचा दाखला. आपल्याकडे तो देते जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था. त्यात असतं: मायक्रोचिपचा नंबर, आई-बाप, आजे-आज्या. खरी गोची आहे नोंदवहीची: कुत्र्याचा वंश कुणाच्या वहीत आणि कशाच्या आधारावर नोंदवलाय त्याची.

बॉर्डर कोलीची मूळ नोंदवही मेंढपाळांची. इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी १९०६ साली स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टनला निघाली. आजच्या जातीचा मूळपुरुष मानला जातो तो ओल्ड हेम्प १८९३ साली नॉर्थंबरलँडमध्ये अ‍ॅडम टेल्फरकडे जन्मला आणि १९०१ मध्येच गेला, तरी सोसायटीच्या वहीत त्याचा नंबर ९ आहे. त्याचा बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, पण मेंढ्यांवर नजर रोखण्यात कच्चा. आई मेग बुजरी, पण तिची नजर जबर. टेल्फरनं जुळवले ते हे दोन स्वभाव. कान उभे की पडके, केस लांब की आखूड, याची ह्या वहीला आजही फिकीर नाही. उलट पेपर नसलेला कुत्रा मेंढ्यांवर उत्तम काम करून दाखवत असेल, तर गुणवत्तेवर त्याची नोंद होऊ शकते. बहुतेक पिल्लं अर्थात आई-बापांच्या नोंदीवरच वहीत येतात. पण ते आई-बाप निवडणारा माणूस कळप हाकणारा असतो.

ब्रिटनच्या केनेल क्लबनं ही जात मान्य केली १९७६ साली, अमेरिकन केनेल क्लबनं १९९५ मध्ये. तिथं लेखी मापदंड आला: डोकं कसं, शेपूट कशी, चाल कशी. ब्रिटनमध्ये निदान एक चांगली अट आहे. नुसतं शोमध्ये, म्हणजे दिसण्याच्या स्पर्धेत, जिंकलं तर ‘शो चॅम्पियन’. पूर्ण ‘चॅम्पियन’ व्हायला मेंढ्यांवरची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेतल्या कामकरी कुत्र्यांच्या संघटनेला एवढ्यानंही समाधान नाही. शोचा चॅम्पियन झालेल्या कुत्र्याची नोंद ती रद्द करते. मला हे कडक धोरण शंभर टक्के पटतं. रूपावर निवडत गेलं की काही पिढ्यांत नजर विरते, आणि पेपरवर ते कुठंच दिसत नाही.

आपल्याकडे मिळतात ते पेपर दुसऱ्या प्रकारचे, केनेल क्लबचे. त्यात खोटं काही नाही, पण ते वंश सांगतात, काम नाही. पणज्यांपैकी कुणी मेंढपाळाच्या वहीतला असेलही. मधल्या पिढ्या कुणी आणि कशासाठी निवडल्या ते विचारा. आईला गुरांवर काम करताना पाहायचंय म्हणा. व्हिडिओ दाखवला तर ती चेंडूमागे धावतेय की कळपाला वळसा घालून, मान खाली करून, दबकत पुढं येतेय ते बघा.

आणि कुळागरात खेती (माकडं), रानडुकरं हाकलायची असतील तर मुळात बॉर्डर कोली नकोच. तो भुंकून पळवून लावणारा नव्हे, गप्प राहून गोळा करणारा कुत्रा आहे. त्या कामाला गावातल्याच चांगल्या राखणदार कुत्रीचं पिल्लू घ्या.