दुर्गम बेटांवरील शाळांची पुनर्रचना

पट घटल्यामुळे, शिक्षक न मिळाल्यामुळे किंवा खर्च न झेपल्यामुळे बेटावरील शाळा एकत्र करणे, वरचे वर्ग मोठ्या बेटावर वा मुख्य भूमीवर हलवणे, इयत्तांची फेरमांडणी करणे, शाळा काही काळ किंवा कायमची बंद करणे, या सगळ्यांचा समावेश शालेय पुनर्रचनेत होतो. इतरत्र दोन शाळा एकत्र केल्या तर प्रश्न बहुधा बसचा असतो. दुर्गम बेटावर मात्र एक वर्ग हलला तरी मुलाला घर सोडून राहावे लागते. त्यामुळे ही पुनर्रचना शिक्षण खात्याच्या कागदावर जेवढी दिसते त्यापेक्षा फार मोठी असते. तरुण कुटुंबांनी बेटावर राहायचे की नाही, याचाच निकाल तिच्यात दडलेला असतो.

मुळात आकडेच फार लहान असतात. बारा मुलांच्या शाळेतून तीन भावंडांचे एक कुटुंब गेले की पट एका दिवसात चतुर्थांशाने उतरतो आणि तसेच एखादे कुटुंब राहायला आले की तो सावरतो. मोठ्या शहरासाठी वापरले जाणारे लोकसंख्येचे अंदाज येथे कामाचे नाहीत. येथे पाळण्यातल्या मुलांची नावानिशी यादी करावी लागते आणि कोणते कुटुंब कशाच्या भरवशावर बेटावर टिकून आहे हे पाहावे लागते. याच कारणाने अहवाल लिहिणाऱ्यांना जपून लिहावे लागते. ‘विशेष मदत लागणारा एक विद्यार्थी’ एवढे शब्दही तो मुलगा कोणाचा हे साऱ्या बेटाला सांगून जातात.

शाळा गेली म्हणून माणसे गेली, की माणसे गेली म्हणून शाळा गेली, हा वाद जुना आहे. आयर्लंडच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरील शाळा १९४१ साली बंद झाली आणि उरलेल्या रहिवाशांना १९५३ साली मुख्य भूमीवर हलवण्यात आले. तेथे स्थलांतर शाळा बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते, तेव्हा सगळा दोष शाळाबंदीवर टाकता येत नाही. पण शाळा नसलेल्या बेटावर लहान मुले असलेले नवे जोडपे येऊन राहण्याची शक्यता जवळजवळ संपते, हेही तितकेच खरे.

पुनर्रचनेचे कोणतेही रूप घेतले तरी कळीचा प्रश्न वयाचा असतो. बहुतेक दुर्गम बेटांवर मूल घर सोडते असे एक ठरलेले वय असते. जपानमध्ये ओकिनावाच्या मुख्य बेटापासून सुमारे ३६० किमी. पूर्वेला असलेल्या मिनामी दाइतो बेटावर उच्च माध्यमिक शाळा नाही. तेथील मुले पंधराव्या वर्षी बाहेर पडतात. दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन द कून्या बेटावर विमानतळ नाही आणि केप टाउनहून बोटीने तेथे पोचायला साधारण आठवडा लागतो. तेथील सेंट मेरीज शाळेनंतर पुढे शिकायचे तर बेट सोडणे भाग असते. समाजाने असे वय स्वीकारलेले असते, त्याभोवती घरांचे बेत रचलेले असतात. पुनर्रचनेने हे वय अलीकडे ओढले की विरोध पेटतो. स्कॉटलंडच्या शेटलंड द्वीपसमूहातील आउट स्केरीझ या छोट्या बेटांवर २०११ च्या जनगणनेत ७४ माणसे होती. तेथील माध्यमिक विभाग २०१४ साली बंद झाला आणि मुलांना शेटलंडचे मुख्य गाव असलेल्या लर्विकच्या मोठ्या शाळेत, वसतिगृहात राहून शिकण्याची वेळ आली. सोळाव्या वर्षी जाणारे मूल बाराव्या वर्षी जाऊ लागले, तर आईवडीलही त्याच्यामागे निघण्याचा विचार करतात. शाळेच्या खर्चाचा हिशोब मांडताना ही चार वर्षे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत, आणि माझ्या मते निर्णयाचा खरा भार त्यांच्यावरच असतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नाही. एका वर्गात एकच मूल असेल तर त्याला बरोबरीचा सोबती नसतो, खेळाचा संघ होत नाही, आणि एकच शिक्षक विज्ञानापासून संगीतापर्यंत सगळे शिकवतो. प्राथमिक वयात बहुवर्ग अध्यापन उत्तम चालू शकते. पाच वर्षांचे मूल मणी मोजत असते, शेजारचे नऊ वर्षांचे भागाकार करते आणि अडले तर अकरा वर्षांच्या मुलीला विचारते. यात मोठीचाही अभ्यास पक्का होतो. माध्यमिक वयात मात्र विषयशिक्षक आणि प्रयोगशाळा यांची उणीव भासू लागते. म्हणून प्राथमिक शाळा बेटावर ठेवून वरचे वर्ग एकत्र करणे हा सर्वांत रूढ तोडगा आहे. सेंट हेलेना बेटावर पूर्वी प्राथमिक, मधली आणि माध्यमिक अशी तीन टप्प्यांची रचना होती. पुढे मधला टप्पा काढून तीन प्राथमिक शाळा आणि सगळ्या बेटासाठी एक माध्यमिक शाळा अशी मांडणी झाली. फॉकलंड बेटांवरील दूरच्या वस्त्यांवर फिरते शिक्षक जातात, सहा आठवड्यांतले दोन आठवडे कुटुंबाजवळ राहून शिकवतात आणि मधल्या काळात दुरून पाठ घेतात. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर २०१६ साली सुरू झालेल्या ई-स्गॉइल या ऑनलाइन अध्यापन सेवेने एका शाळेतला शिक्षक दुसऱ्या बेटावरच्या वर्गाला थेट ऑनलाइन शिकवू शकेल अशी सोय केली. एका विषयापायी शाळा हलवण्याची गरज त्यामुळे कमी होते.

शाळा बंद करण्याच्या प्रक्रियेचे फार तपशीलवार नियम स्कॉटलंडमध्ये आहेत. तेथील २०१० च्या शाळा सल्लामसलत कायद्यानुसार बंदीचा प्रस्ताव किमान सहा आठवडे हरकती आणि सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो आणि त्यात शाळेचे किमान ३० कामकाजाचे दिवस यावे लागतात; म्हणजे सुट्टीच्या काळात प्रस्ताव उरकून टाकता येत नाही. जाहीर सभा घ्यावी लागते, शिक्षण निरीक्षकांचा स्वतंत्र अहवाल येतो आणि सल्लामसलतीचा अहवाल प्रसिद्ध केल्यावर अंतिम निर्णयापूर्वी तीन आठवडे थांबावे लागते. ग्रामीण शाळेबाबत पर्यायांचा विचार, समाजावरील परिणाम आणि बदललेला प्रवास यांकडे विशेष लक्ष देणे बंधनकारक आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, शाळा बंद न करण्याचा निर्णय झाला तर परिस्थितीत मोठा बदल झाल्याशिवाय पाच वर्षे पुन्हा तोच प्रस्ताव आणता येत नाही. ही शेवटची तरतूद बेटांसाठी फार मोलाची आहे. दर दोन वर्षांनी बंदीची चर्चा उठत राहिली तर प्रत्यक्ष बंदी न होताही कुटुंबे बेट सोडू लागतात. २०१८ च्या बेटविषयक कायद्याने बेटांवर वेगळा परिणाम करणाऱ्या धोरणांचे मूल्यमापनही सक्तीचे केले.

कायदा पाळूनही काम बिघडू शकते, कारण बेटावर सगळे एकमेकांचे कोणीतरी असतात. स्थानिक परिषदेचा सदस्य मुख्याध्यापिकेचा भाऊ असतो, शाळेची स्वयंपाकीण दोन विद्यार्थ्यांची आजी असते आणि सभेत विरोधात बोललेल्या माणसाबरोबर दुसऱ्याच दिवशी बोटीवर काम करायचे असते. म्हणून नातेसंबंध आधीच उघड करून नोंदवणे आणि सभा बाहेरच्या अध्यक्षाकडे सोपवणे उपयोगी ठरते. बातमी कागदापेक्षा आधी पोचते, तेव्हा शिक्षक, पालक आणि मुले यांना एकाच दिवशी आणि एकाच शब्दांत सांगावे लागते. सभेची वेळ बोटींच्या आणि मासेमारीच्या वेळापत्रकाप्रमाणे ठेवावी लागते. मुलांना वेगळे विचारावे. मोठ्यांना इमारतीची चिंता असते, तर मुलांना बहुधा नव्या जागी आपल्यासोबत कोण असेल याची.

सर्वांत दुर्लक्षित बाब कर्मचाऱ्यांची. शहरात अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे शेजारच्या शाळेत समायोजन होते. बेटावर शेजारची शाळाच नसते. ते पद गेले की ते कुटुंब जाते, त्यांची मुले उरलेल्या पटातून वजा होतात, आणि बंदीसाठी दिलेले कारण बंदीनेच खरे ठरते. त्यात जोडीदाराची नोकरी, दवाखान्यातली परिचारिका किंवा अग्निशमन दलातला स्वयंसेवकही कधीकधी जातो. म्हणून पटाचा हिशोब करण्याआधी कर्मचाऱ्यांच्या पुढील कामाचा आराखडा हवा: शाळेचे काही तास, बालवाडीचे काही, ग्रंथालयाचे वा प्रौढ शिक्षणाचे काही, असे जोडून पूर्ण पद उभे करता येते.

प्रवासाची परीक्षा हिवाळ्यात घ्यावी. उन्हाळी वेळापत्रकावर आखलेली योजना धुक्यात आणि वादळात कोलमडते. शुक्रवारचे विमान रद्द झाले की वसतिगृहातले मूल शनिवार-रविवार तेथेच अडकते. अशा दिवसांसाठी वसतिगृहात माणूस, जेवण आणि घरी बोलण्याची सोय यांची तरतूद आधीच लागते, आणि तिचा खर्च बंदीतून होणाऱ्या ‘बचती’तून वजा करावा लागतो.

उलट दिशेनेही पुनर्रचना होते. जपानच्या ओकी-दोझेन बेटसमूहातील तीन बेटांवर मिळून एकच उच्च माध्यमिक शाळा आहे. २००८ साली तिचा पट ८९ वर आला आणि ती बंद पडण्याची चिन्हे दिसू लागली. स्थानिक शासनाने शाळेचे आकर्षण वाढवण्याचा प्रकल्प हाती घेतला: बेटाचे प्रश्न अभ्यासक्रमात आणले, सार्वजनिक शिकवणी केंद्र काढले आणि मुख्य भूमीवरील मुलांना बेटावर राहून शिकण्यास बोलावले. पट पुढे दीडशेच्या वर गेला. अशा योजनेत बाहेरची मुले स्थानिकांपेक्षा फार जास्त झाली तर शाळा गावापासून तुटू शकते, याकडे लक्ष ठेवावे लागते. तरीही बंदीचा प्रस्ताव लिहिण्याआधी हा मार्ग तपासलाच पाहिजे.

पट शून्यावर आला तर कायमची बंदी करण्याऐवजी शाळा तात्पुरती स्थगित ठेवता येते. स्कॉटलंडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा स्थगितीचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो आणि अति दुर्गम नसलेल्या भागात ती तीन वर्षांपेक्षा लांबू नये अशी अपेक्षा आहे. अति दुर्गम बेटांना त्यात अधिक मोकळीक मिळते. स्थगितीच्या काळात इमारत कोरडी व उबदार ठेवणे, पुस्तके आणि साहित्य जागेवर राखणे, सभागृह समाजाच्या वापरासाठी उघडे ठेवणे आणि किती मुले आली की शाळा पुन्हा सुरू होईल हे आधीच लेखी ठरवणे, एवढी कामे उरतात.