देवळाली संख्या

दुसऱ्या कोणत्याही पूर्णांकात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या तयार होत नाही, ती देवळाली संख्या. ‘स्वयंभू संख्या’ हे तिचे दुसरे नाव. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ही कल्पना मांडली आणि तिला आपल्या कर्मभूमीचे नाव दिले.

२१ मध्ये २ + १ मिळवले की २४ येतात. म्हणून २१ ही २४ ची जनक. २४ पासून ३०, ३० पासून ३३, अशी वंशावळ चालू राहते. एखादीला दोन जनकही असतात : ९१ आणि १०० या दोहोंपासून १०१ च मिळते. २० ला मात्र एकही नाही. १ ते ९ पासून २ ते १८ या सम संख्या मिळतात, १० ते १४ पासून ११ ते १९ या विषम, आणि १५ घेतले की थेट २१. मधली २० राहूनच जाते. तिला अनाथ म्हणण्यापेक्षा स्वयंभू म्हणणे किती शोभून दिसते! त्र्यंबकेश्वराच्या जिल्ह्यात तर या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावाही लागत नाही.

शंभराच्या आत अशा तेरा संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. वीसनंतर अकरा-अकराची चाल दिसते. ती १०८ पर्यंत टिकते आणि आता ११९ येणार असे वाटत असतानाच ११० उभी राहते. पडताळा घेणे फारसे कष्टाचे नाही. तीन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज २७ च्या वर जात नाही, त्यामुळे तिच्या मागच्या २७ संख्या तपासल्या की पुरे. पाटी-पेन्सिलीवर होणारे हे काम आहे.

कापरेकरांचा जन्म डहाणूचा. कारकून असलेल्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला तिथूनच लागली. ठाण्यात शालेय शिक्षण, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेऊन ते देवळालीत शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातील पद नाही. बरेचसे लेखन स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून. हा पोरखेळ आहे, असे म्हणणारे गणिती होतेच. कापरेकर स्थिरांक ६१७४, हर्षद संख्या, डेम्लो संख्या आणि कोपर्निकस जादूचा चौरस हीही त्यांचीच देणगी. पत्नीच्या निधनानंतर पेन्शनमध्ये भागेना, तेव्हा त्यांनी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या.

देवळालीचे नाव इंग्रजीत आधी गेले ते निराळ्याच वाटेने. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथल्या छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांवरून ‘डूलाली’ हा शब्द निघाला. अर्थ, डोके फिरलेला. आकड्यांच्या नादी लागलेल्या मास्तरांनी तेच नाव गणितात नेले. १९७५ मध्ये रंजक गणितावर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि त्यांचे काम जगभर पोहोचले. याच संख्यांना परदेशात ‘कोलंबियन संख्या’ असेही म्हणतात. ते नाव कोलंबियाचे गणिती बेर्नार्दो रेकामान यांच्यामुळे पडले.