हीथक्लिफ नायक कधी झाला?

‘वदरिंग हाइट्स’ ही इंग्रजी कादंबरी प्रेमकथा म्हणून हाती घेतली, पण यातलं एकही माणूस आवडत नाही, अशी तक्रार वाचक आजही करतात. तक्रार रास्त आहे, आणि पुस्तकाइतकीच जुनी आहे.

डिसेंबर १८४७ मध्ये न्यूबी या लंडनच्या प्रकाशकाने ही कादंबरी ‘एलिस बेल’ या टोपणनावाने छापली. खरी लेखिका यॉर्कशरमधल्या हॉवर्थच्या पाद्र्याची मुलगी, एमिली ब्राँटे. छपाईसाठी तिला आणि धाकट्या बहिणीला, ॲनला पदरचे ५० पौंड आधीच मोजावे लागले होते. पुढच्याच महिन्यात ‘ॲटलस’ या साप्ताहिकाच्या परीक्षकाने निकाल दिला: यातलं प्रत्येक पात्र एकतर द्वेष करण्याजोगं, नाहीतर तुच्छ. डिसेंबर १८४८ मध्ये एमिली गेली, तेव्हा ती अवघी ३० वर्षांची होती. १८५० च्या आवृत्तीची प्रस्तावना थोरल्या बहिणीने, शार्लटने लिहिली, पण कादंबरीच्या मध्यवर्ती पात्रासारखी, हीथक्लिफसारखी माणसं निर्माण करावीत असं तिलाही वाटत नव्हतं. घरचीच वकील अशी कच खाते म्हटल्यावर परक्यांना काय बोल लावायचा!

थोडक्यात, त्या काळी याला कुणी गोड प्रेमकथा समजत नव्हतं. तो समज पक्का करण्यात मोठा वाटा १९३९ च्या हॉलिवूडपटाचा. निर्माता सॅम्युअल गोल्डविन, दिग्दर्शक विल्यम वायलर, हीथक्लिफ लॉरेन्स ऑलिव्हिए. कादंबरीत हीथक्लिफची प्रेयसी कॅथरिन मध्यावरच मरते. उरलेल्या अर्ध्या भागात हीथक्लिफ पुढच्या पिढीवर सूड उगवतो: तिच्या मुलीला मारतो, कोंडून ठेवतो, आपल्या मरणपंथाला लागलेल्या मुलाशी तिचं लग्न लावतो, तिच्या भावाच्या, हिंडलीच्या मुलाला अक्षरओळखही होऊ देत नाही. सिनेमाने ही पिढीच उडवली. शेवटी दोघांची भुतं जोडीने चालताना दिसावीत, हा गोल्डविनचा हट्ट. वायलरने नकार दिला, तर ते दृश्य दुसऱ्याकडून, बदली नटांवर चित्रित करून घेतलं. सूड कापला की उरतो तो विरह, आणि विरही माणसाला आपण पुष्कळ माफ करतो.

याच सिनेमातली एक गोष्ट मला कादंबरीइतकीच विलक्षण वाटते. पुस्तकातला हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला सावळा पोर. शेजारचे लिंटनसाहेब त्याला पाहून हा हिंदुस्थानी खलाशाचा पोर तर नव्हे, असा तर्क करतात. पडद्यावर तो गोरा झाला. कॅथरिन झालेली मर्ल ओबेरॉन मात्र मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन. आणि आपला जन्म टास्मानियाचा असल्याचं ती जगाला सांगत राहिली.

हिंदीतही ही कथा आली. ‘दिल दिया दर्द लिया’मध्ये (१९६६) दिलीपकुमार सोसणारा प्रियकर झाला आणि नायिकेच्या दुष्ट भावाचं काम प्राणकडे गेलं.

एमिलीने मात्र वाचकाला अंधारात ठेवलेलं नाही. चौदाव्या प्रकरणात हीथक्लिफ बायकोदेखत, इझाबेलादेखत, नेली या मोलकरणीला सांगतो की हिने मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडलं. निघताना तिच्या लाडक्या कुत्र्याला मी तिच्यासमोर फासावर लटकावलं, तरी हिचा भ्रम फिटला नाही.