‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे

‘जमिनीखाली लाव्हा सापळ्यात अडकला, म्हणून आपल्या काळ्या दगडाला डेक्कन ट्रॅप म्हणतात’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. शब्द ओळखीचा, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण हा ट्रॅप आला स्वीडिश ‘त्राप्पा’वरून, अर्थ जिना. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात त्याची नोंदही सापळ्याहून वेगळी असते. लाव्हा अडकला नाहीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो भेगांतून वर येऊन थरावर थर पसरला. कठीण थराचा कडा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. पावसाळ्यात कर्जत लोकलने नेरळला उतरा, माथेरानकडे बघा: काळा कडा, हिरवा पट्टा, पुन्हा काळा कडा. खुद्द मुंबईत थर पश्चिमेकडे कललेले आहेत, म्हणून पायऱ्या इतक्या स्वच्छ दिसत नाहीत.