झागोरीच्या दगडी वाटांमागचा इतिहास

वायव्य ग्रीसमधील एपिरस प्रांतात, पिंडस पर्वतरांगेत, झागोरी नावाचा 46 गावांचा डोंगराळ प्रदेश आहे. गावोगावी मुक्काम करत या प्रदेशातून सावकाश पायी जाणे हा आज पर्यटनाचा लोकप्रिय प्रकार असला, तरी ज्या वाटांनी हे प्रवासी जातात त्या हौसेसाठी बांधलेल्या नव्हत्या. व्यापार, स्थलांतर आणि करवसुली यांच्या गरजेतून त्या तयार झाल्या.

1430मध्ये एपिरसचे मुख्य शहर यानिना ओटोमन सत्तेच्या हाती गेले, त्यानंतर झागोरीच्या गावांना काही जबाबदाऱ्यांच्या बदल्यात स्वशासनाचे आणि करसवलतीचे अधिकार मिळत गेले व ते थोड्याफार फरकाने 1868पर्यंत टिकले. शेतीला जमीन अपुरी असल्याने पुरुष व्यापारासाठी इस्तंबूल, रुमानिया आणि रशियापर्यंत जात, वर्षानुवर्षे तिकडेच राहत आणि कमावलेला पैसा गावातली घरे, शाळा, चर्च व पूल यांत घालत. व्रादेतो गावच्या नूत्सोस कोंदोदिमोस याच्या पैशातून 1750मध्ये उभा राहिलेला एककमानी पूल पुढे कोक्कोरिस या नावानेही ओळखला जाऊ लागला. किपी गावाजवळचा तीन कमानींचा पूल 1814मध्ये एका मठाधिपतीच्या पुढाकाराने दगडात बांधला गेला.

बांधणारे हात मात्र बहुतेक वेळा झागोरीबाहेरचे असत. कोनित्सा परिसरातील गवंडी वसंत ऋतूत टोळ्यांनी घर सोडत आणि हिवाळ्याच्या तोंडावर परतत. घरमालकाला कळू नये अशी त्यांची स्वतःची सांकेतिक बोलीही होती. मजुरीची घासाघीस मालकासमोरच करायची, तर ती किती उपयोगी पडत असेल याची कल्पना करता येते. भिंतींच्या दगडी थरांमध्ये ते आडव्या लाकडी पट्ट्या घालत, कारण हा भूकंपप्रवण भाग आहे; छपरावर पातळ दगडी फरशा येत.

या वाटांचे बांधकाम जवळून पाहण्यासारखे आहे. कोकणातल्या पाखाडीची आठवण करून देणाऱ्या या वाटांवर चढ असेल तेथे ठरावीक अंतरावर दगड काठावर उभे रोवलेले असतात, म्हणजे लादलेल्या खेचराचा खूर घसरत नाही आणि पावसाचे पाणीही अडून संथ होते. कापेसोवोहून 1340 मीटर उंचीवरील व्रादेतोला जाणारी, कड्यावर नागमोडी चढणारी पायऱ्यांची वाट ही 1970च्या दशकात मोटाररस्ता होईपर्यंत त्या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारी मुख्य वाट होती.

विसाव्या शतकाने हा प्रदेश रिकामा केला. 1913मध्ये यानिना ग्रीसमध्ये आले, नव्या सीमांनी जुने व्यापारी मार्ग तुटले, 1943मध्ये जर्मन सैन्याने अनेक गावे जाळली, मग यादवी युद्ध झाले आणि उरलेली कुटुंबे शहरांकडे वा परदेशी गेली. जुनी घरे पाडून सिमेंटची बांधायला माणसेच नव्हती, हेही जतनाचे एक कारण आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ते सहसा लिहिले जात नाही. 1973मध्ये विकोस-आओस राष्ट्रीय उद्यान झाले, त्याच दशकाच्या अखेरीस पारंपरिक वसाहतींना कायदेशीर संरक्षण मिळाले आणि पापिंगोसारख्या गावांतील जुन्या घरांची अतिथिगृहे होऊ लागली. 2018मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत चुन्याविना दगड रचण्याच्या कौशल्याची नोंद झाली, तीत ग्रीससह अनेक देशांचा समावेश होता. 2023मध्ये झागोरी सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा यादीत आले.