हात लाल का होतात, सर्व्हिस नाचते कशी आणि खेळून उंची वाढते का?

सुट्टीच्या शिबिरात व्हॉलीबॉल नव्यानं शिकणाऱ्या मुलांची पहिली तक्रार ठरलेली असते: हात. मनगट ते कोपर लालबुंद, गरम, आणि त्यावर बारीक लाल ठिपके. घरी आई विचारते, हे काय करून आलास? प्रशिक्षक म्हणतात, होईल सवय. सवय होते हे खरं. पण त्या लालीला बऱ्याचदा बॉलमधली हवा जबाबदार असते, आणि तो दोष दहा मिनिटांत काढता येतो.

व्हॉलीबॉलचं वजन 260 ते 280 ग्रॅम. सर्व्हिस सेकंदाला 15 मीटर वेगानं, म्हणजे ताशी 54 किलोमीटरनं आली आणि तुम्ही ती हातांवर घेऊन वर उडवली, तर बॉल हातांना जेमतेम सेकंदाचा शंभरावा भाग टेकलेला असतो. तेवढ्यात त्याला थांबवून उलट फिरवायचं, म्हणजे हातांवरचा सरासरी जोर ढोबळ हिशोबानं 400 न्यूटनच्या घरात जातो. 40 किलोचं पोतं क्षणभर हातांवर ठेवल्याइतका. मार बसलेल्या जागी त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यातल्या काही केशवाहिन्या फुटतात, ते लाल ठिपके. जास्त मार असेल तर निळं, मग हिरवट, मग पिवळं होत जातं, कारण बाहेर पडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर टप्प्याटप्प्यानं मोडून साफ करत असतं. ठिपके काही दिवसांत जातात, असा डाग जायला साधारण दोन आठवडे लागतात. मार न लागलेल्या जागीही असे ठिपके दिसले तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं.

आता हवेबद्दल. नियमाप्रमाणे व्हॉलीबॉलमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला 0.30 ते 0.325 किलो असतो. फुटबॉलमध्ये याच्या दुप्पट ते साडेतीनपट दाब चालतो. आपल्याकडे दोन्ही बॉल एकाच पंपानं, अंगठा दाबून ‘टणक झाला’ म्हणेपर्यंत भरले जातात. टणक बॉल हातावर कमी चेपतो, त्यामुळे टेकण्याचा वेळ घटतो, टेकणारी जागा लहान होते, आणि तोच मार थोड्या जागेवर, थोड्या वेळात बसतो.

यात उन्हाचा वाटा कोणी मोजत नाही. सकाळी 25 अंशांना बॉल अगदी नियमात, 0.31 वर भरला. दुपारी मैदानाच्या कडेला उन्हात पडून तो 40 अंशांवर गेला. आतल्या हवेचा एकूण दाब यानं फक्त 5 टक्के वाढतो. पण आपला मापक एकूण दाब दाखवत नाही, बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. हिशोब मांडला तर 0.31 चे 0.38 च्या आसपास होतात, म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक वाढ. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातला बॉल 40 अंशांवर थांबतही नाही. म्हणून बॉल सावलीत ठेवा, आणि मंडळाच्या वर्गणीतून नेटच्या आधी दाब मोजायचा साधा मापक घ्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी 200 ते 225 ग्रॅमचे हलके बॉल मिळतात. ‘खऱ्या बॉलची सवय हवी’ या हट्टापायी ते टाळणं मला पटत नाही. दुखणारा हात बॉल यायच्या आधीच आखडतो, आणि आखडलेल्या हातानं पास शिकता येत नाही.

हातांना सवय होते म्हणजे कातडी जाड होते असं नाही. बॉल मनगटाच्या हाडावर न घेता त्याच्या थोडं वर, दोन्ही हातांच्या सपाट भागावर घेता येऊ लागतो, आणि वेगवान बॉलला हात किंचित मागे देण्याचं कसब येतं. टेकण्याचा वेळ थोडा वाढला की जोर तितका कमी होतो.

दुसरा प्रश्न जरा खेळून झालेल्यांचा: फ्लोट सर्व्हिस. सरळ आपल्याकडे येणारा बॉल शेवटच्या क्षणी डावीकडे सरकतो किंवा एकदम पडतो. बॉल नाचतो, असं सगळे म्हणतात. मारणाऱ्यानं तर काहीच फिरकी दिलेली नसते. मग त्याला ढकलतं कोण?

फिरकी नसणं हेच कारण आहे. उडणाऱ्या बॉलभोवती हवेचा पातळ थर चिकटून वाहतो आणि मागच्या बाजूला सुटतो. तो कुठे सुटेल हे बॉलच्या शिवणी कुठे आहेत यावर अवलंबून असतं. बॉल न फिरता जात असेल तर एका बाजूची शिवण वाऱ्यासमोर येते, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पट्टा असतो, त्यामुळे दोन्हीकडे हवा वेगवेगळ्या जागी सुटते आणि बॉल एका बाजूला ढकलला जातो. बॉल किंचित वळला की ढकलण्याची दिशाही बदलते. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी वाऱ्याच्या बोगद्यात व्हॉलीबॉल ठेवून हे मोजलं आहे. नुसती बॉलची बाजू बदलली तरी त्याच्यावरचे जोर बदलतात. बॉलवर भरपूर फिरकी असली तर शिवणींचा परिणाम सगळीकडे सारखा वाटला जातो आणि बॉल एकाच दिशेनं, अंदाज बांधता येईल असा वळतो. उडी मारून, फिरकी देऊन मारलेली जंप सर्व्हिस वेगानं येते पण नाचत नाही, ती यामुळे.

शिवाय व्हॉलीबॉल आकारानं मोठा आणि वजनानं हलका. सेकंदाला 15 मीटर वेगाच्या बॉलला हवेचा होणारा विरोध त्याच्या वजनाच्या जवळपास तीन-चतुर्थांश भरतो. साधारण सेकंदाला 15 ते 20 मीटरच्या दरम्यान, बॉलच्या बनावटीनुसार थोडा मागेपुढे, एक टप्पा येतो. त्याच्या वर हा विरोध घसरतो आणि त्याच्या खाली पुन्हा वाढतो. आपल्या मैदानांवरच्या चांगल्या फ्लोट सर्व्हिस नेमक्या याच वेगाच्या असतात. वाटेत वेग कमी होताना बॉल हा टप्पा ओलांडतो आणि अचानक ब्रेक लागल्यासारखा खाली येतो.

तरी ‘शेवटच्या क्षणी’ का? याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. बाजूचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असला तरी सरकण्याचं अंतर वेळेच्या वर्गानं वाढतं. अर्ध्या वेळेत बॉल एकूण सरकण्याच्या फक्त एक-चतुर्थांश सरकतो, उरलेला तीन-चतुर्थांश दुसऱ्या अर्ध्यात. 15 मीटर वेगाचा बॉल सव्वा सेकंदाच्या आसपास हवेत असतो. पहिलं अर्धं अंतर पाहून तुम्ही अंदाज बांधता, पाय रोवता, आणि खरी चाल त्यानंतर सुरू होते. म्हणून फ्लोट घेताना पाय लवकर रोवू नयेत. शक्य तिथे दोन पावलं पुढे येऊन बॉल फिंगर पासनं, म्हणजे डोक्यावर बोटांनी, वरच्या वर घेतला, तर त्याला नाचायला उरलेला वेळच कापला जातो.

हाच वर्गाचा नियम उडीतही दिसतो. चांगला स्मॅशर हवेत थांबल्यासारखा वाटतो. 50 सेंटिमीटरची उडी मारणारा साधारण 0.64 सेकंद हवेत असतो, आणि त्यातला नेमका अर्धा वेळ उडीच्या वरच्या एक-चतुर्थांश भागात, म्हणजे शेवटच्या साडेबारा सेंटिमीटरमध्ये जातो. कोणी तरंगत नसतं. वर वेग कमी असल्यानं तिथे वेळ जास्त जातो, इतकंच. उडी वाढवायला हातांचा झोका फार उपयोगी आहे. एक उडी हात कमरेवर ठेवून आणि एक हात झुलवून मारा, खडूनं भिंतीवर खुणा करा. झोक्यानं जमीन सोडतानाचा वेग दहाएक टक्के वाढतो, आणि उंची वेगाच्या वर्गानं वाढत असल्यामुळे खुणांमधला फरक त्याहून बराच मोठा दिसतो.

दुखापतींमध्ये बोट आणि घोटा या रोजच्या. ब्लॉक करताना बॉल बोटाच्या टोकावर आदळला की कोणीतरी अनुभवी धावत येतो आणि बोट ओढून ‘बसवतो’. हे कृपा करून थांबवा. आत अस्थिबंध फाटला असेल किंवा हाडाचा कपचा उडाला असेल, तर ओढण्यानं तो आणखी सरकतो. बर्फ लावा, शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधा, आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, पण पहिल्या दिवशी चोळू नका. बोटाचं शेवटचं पेर आपणहून सरळ होत नसेल, तर ते सरळ करणारा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटलेला असू शकतो. अशा बोटाला ते सरळ ठेवणारी टणक पट्टी (स्प्लिंट) सहा ते आठ आठवडे सलग लागते, आणि मध्ये एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घोटा बहुतेक वेळा नेटजवळ मुरगळतो, उडी मारून खाली येताना दुसऱ्याच्या पायावर पाय पडल्यानं. सरावात मधल्या रेषेपलीकडे पाऊल टाकायची पूर्ण बंदी ठेवली तर हे अपघात कमी होतात.

गुडघ्याचं तसं नाही. तो एका दिवसात बिघडत नाही. वाटीच्या लगेच खाली जो कंडरा आहे, तो प्रत्येक उडीत ताणला जातो आणि प्रत्येक उतरण्यात त्याहून जास्त. उडीच्या खेळात तो दुखणं इतकं नेहमीचं आहे की त्याला ‘जंपर्स नी’ असंच म्हणतात. नॉर्वेतल्या अव्वल पुरुष खेळाडूंच्या पाहणीत सुमारे 45 टक्के व्हॉलीबॉलपटूंना तो त्रास आढळला होता, आणि नेदरलँड्समधल्या हौशी खेळाडूंच्या पाहणीत 14 टक्क्यांच्या आसपास. कारण बहुधा एकच: उड्या अचानक वाढणं. वर्षभर आठवड्यातून दोनदा खेळणारा मुलगा शिबिरात रोज दोन वेळा, तेही सोसायटीच्या सिमेंटवर उड्या मारू लागतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडऱ्याला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दुखू लागल्यावर महिनाभर झोपून राहणं हाही उपाय नाही, कारण भार न मिळालेला कंडरा आणखी कमकुवत होतो. उड्या कमी करायच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सावकाश, वजन घेऊन बैठका वाढवत न्यायच्या, ही आज मान्य असलेली वाट आहे. मुलींच्या सरावात आणखी एक गोष्ट पाहावी: उतरताना गुडघे एकमेकांकडे आत वळतात का. वळत असतील तर दोन्ही पायांवर, गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून मऊ उतरण्याचा सराव वेगळा करून घ्यावा. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि असा सराव तो कमी करतो.

दहा ते पंधरा वयात दुखणं वाटीच्या दोन-तीन बोटं खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे कंडरा अजून न जुळलेल्या, वाढत्या हाडाला ओढत असतो. ऑसगूड-श्लॅटर असं त्याचं नाव. वाढ थांबली की ते बहुतेकांचं जातं, फक्त तिथे थोडा टेंगळासारखा उंचवटा राहतो. घाबरण्यासारखं नाही, पण ‘वाढीचं दुखणं’ म्हणून दुर्लक्ष करून उड्या मारायला लावणंही चूक. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, ताप किंवा लंगडणं असेल तर थेट डॉक्टरांकडे जावं.

आता आईवडिलांचा आवडता प्रश्न: व्हॉलीबॉल खेळून उंची वाढते का? नाही. पुरेसा आहार मिळणाऱ्या समाजांत माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकाचा सुमारे 80 टक्के भाग आनुवंशिक असतो. उरलेल्यात पोषण आणि आजारपणं येतात. व्हॉलीबॉलपटू उंच दिसतात, कारण उंच मुलं त्या खेळात निवडली जातात आणि टिकतात. बारला लटकून मिळणारे मिलिमीटर मणक्यांमधल्या चकत्या फुगल्यानं येतात आणि संध्याकाळपर्यंत जातात. उड्यांनी हाडं लांब होत नाहीत, मात्र वाढीच्या वयात ती दाट आणि मजबूत होतात, आणि हा फायदा मला उंचीपेक्षा मोठा वाटतो.

उंची नसलेल्यांना जागा नाही असंही नाही. 1964 साली टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळला गेला, तेव्हा महिलांचं सुवर्णपदक जपाननं बचावाच्या जोरावर जिंकलं. 1998 पासून आंतरराष्ट्रीय खेळात लिबेरो हा फक्त बचाव करणारा खेळाडू आला, ज्याला स्मॅशच मारायचा नसतो.

अडचण उंचीची नसून नेटची आहे. पुरुषांचं नेट 2.43 मीटर, महिलांचं 2.24. दीड मीटर उंचीच्या मुलानं हात वर केला तर तो साधारण 1.9 मीटरपर्यंत पोचतो. पुरुषांच्या नेटच्या वरच्या पट्टीला नुसतं बोट लावायलाच त्याला अर्धा मीटर उडावं लागेल, स्मॅश तर दूरच. अशा नेटवर तो खांदा वाकडा करून बॉल कसाबसा ढकलायला शिकतो आणि गुडघ्यांवर भलताच भार घेतो. खांबांना 2 मीटरवर एक जादा हुक बसवून घ्यायला वेल्डिंगवाल्याकडचं तासाभराचं काम पुरतं. सकाळी मुलांचं नेट तिथे, संध्याकाळी मोठ्यांचं वर.