दोन प्लग, तीन व्हॉल्व्ह आणि एक ‘दावा’

पेटंट चुकवून इंजिन घडवण्याची धडपड चारस्ट्रोक (पिस्टनच्या चार हालचालींत एकदा इंधन जाळणाऱ्या) इंजिनाइतकीच जुनी. जर्मनीत १८७७ साली चारस्ट्रोकचे पेटंट निघाले आणि ते टाळायला कोणी टू-स्ट्रोककडे वळले, कोणी क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोनऐवजी एकाच फेरीत चारही स्ट्रोक बसवले. १८६२ मधल्या एका फ्रेंच पुस्तिकेत हेच तत्त्व आधी मांडलेले निघाल्यावर १८८६ मध्ये ते पेटंट कोसळले. मधले शतक सोडून थेट पुण्यात येऊ.

पुण्याच्या बजाज ऑटो या दुचाकी कंपनीने १६ जुलै २००२ रोजी दोन प्लगच्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. २००५ मध्ये पेटंट क्रमांक १९५९०४ हाती आले. पेट्रोल कमी, हवा जास्त असे पातळ मिश्रण एका ठिणगीने रेंगाळत जळते. समोरासमोर दोन स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारे) दिले की दोन ज्योती अंतर वाटून घेतात. पल्सरवरची ‘डीटीएस-आय’ (डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन) ही अक्षरे याचीच. दोन प्लग तसे नवे नव्हते, विमानांच्या इंजिनांत ते कित्येक दशके होते. नवेपणा सांगितला गेला तो ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) लहान इंजिनाचा.

ऑगस्ट २००७ मध्ये दक्षिणेतल्या टीव्हीएस या स्पर्धक कंपनीने १२५ सीसीची ‘फ्लेम’ ही मोटारसायकल जाहीर केली. बोअर ५४.५ मिलिमीटर, प्लग दोन, पण व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) तीन. दोन्ही कंपन्या चेन्नईच्या उच्च न्यायालयात पोहोचल्या.

इथे ‘दावा’ या शब्दाचा गुंता होतो. मराठीत दावा लावणे म्हणजे खटला भरणे. पेटंटमधला दावा म्हणजे मात्र शोधाचे कुंपण: एवढी जागा माझी, पलीकडची सगळ्यांची. या कुंपणात प्लगांसोबत दोन व्हॉल्व्हही लिहिलेले होते. मग तिसरा व्हॉल्व्ह लावणारा कुंपणाबाहेर गेला, की आत राहून नुसती टोपी बदलून आला? पेटंटधारकाचे म्हणणे, शोधाचा गाभा दोन प्लग. व्हॉल्व्ह किती हे गौण. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायमूर्तींना हे पटले आणि मनाई हुकूम निघाला. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला: दाव्यात दोन व्हॉल्व्ह लिहिलेत, तेव्हा तीन व्हॉल्व्हच्या इंजिनाने प्रथमदर्शनी भंग होत नाही.

इंजिनाच्या बाजूने पाहिले तर खंडपीठाचे म्हणणे अधिक पटते. आत येणाऱ्या मिश्रणाला दोन वाटा दिल्या की त्याची घुसळण बदलते, सिलिंडरच्या हेडमधली (वरच्या झाकणातली) जागा बदलते, प्लग कुठे बसणार तेही बदलते. व्हॉल्व्ह म्हणजे खिडकीचा पडदा नव्हे. आणि आकडा स्वतःच लिहून ठेवल्यावर तो गौण कसा?

दरम्यान ‘फ्लेम’ एकाच प्लगवर बाजारात आली होती. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मोकळीक दिली, मात्र विक्रीचा हिशेब ठेवून. असे खटले रोजच्या रोज चालवून चार महिन्यांत निकाली काढावेत, असेही बजावले. हा वाद मिटला तो २०१९ मध्ये, आपसातल्या तडजोडीने.

जुलै २०२२ मध्ये पेटंटची वीस वर्षे संपली. तोवर बीएस-६ या प्रदूषण नियमांनी पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर घालवून फ्युएल इंजेक्शन आणले होते.